शिष्यवृत्तीच्या यादीत खिचडी खाणारं एकही पोरगं नाही

मंडळी, मी महापालिकेच्या शाळेत खिचडी शिजवते. मी सांगते आणि लेक टाइप करते, तेव्हा चुका तिच्या.

आज सातवीचे गुरुजी शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म भरत होते. शेवटचा दिवस होता. ते नावं वाचत होते आणि मी दारात भांडी घासत ऐकत होते. सगळी घरनं डबा आणणारी पोरं. माझ्या पंगतीला बसणारं त्यात एकही नाही.

माझ्या पंगतीतली, शाहूवाडी गावची रेश्मा इथं मामाकडं राहते. गणितं तोंडी करते. तिचंही नाव नव्हतं.

मी विचारलं, "गुरुजी, रेश्मी का न्हाय?"

"भातलावणीला महिनाभर गावाला गेलती. अभ्यास राहिलाय. नापास झाली तर शाळेचा निकाल खाली येतो, मावशी. वरनं आम्हाला बोलणी बसतात."

"म्हंजे परीक्षेला बसवायचंच न्हाय. मग नापास कोण हुतंय? सोपं हाय की."

गुरुजींनी एक कोरा फॉर्म काढला, त्यावर रेश्माचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "निकाल पडला तर तुमचं नाव सांगीन."

"सांगा की. मी तिसरीतनं शाळा सोडलीया, मला कोण काय बोलतंय?"

रेश्माचा फॉर्म गेला. पास होईल का, मला माहीत नाही.

दरवर्षी फाटकावर 'शिष्यवृत्ती निकाल शंभर टक्के' असा फळा लागतो आणि आपण टाळ्या वाजवतो. तुमच्या पोरांच्या शाळेतही लागत असेल. फॉर्म किती जणांना दिला, हे तुम्ही कधी विचारलंय का?