सावरीच्या कापसाचे पॅड

"कापताना कुणाला विचारलं होतंस?"

"आणि तुम्ही देऊन टाकताना कुणाला विचारताय, सर?"

खेळाच्या मुळ्ये सरांनी टेबलावरचा पॅड आपल्याकडे ओढला. मैनाने त्याचं दुसरं टोक सोडलं नाही. जिमखान्याच्या दारात मुलांच्या हॉकी टीमचा गोलकीपर रशीद उभा होता आणि आपण आत्ता मिरकरवाड्यातल्या आपल्या घरी असतो तर किती बरं झालं असतं, अशा चेहऱ्याने छताची कौलं बघत होता.

भांडण अगदी सरळ होतं. परवा चिपळूणला सामने. कॉलेजची मुलांची टीम जाणार, मुलींचीही जाणार, आणि दोघांचे सामने एकाच वेळी दोन मैदानांवर. गोलकीपरच्या धड पॅडची मात्र एकच जोडी. मैना मुलींची गोलकीपर, पॅड तिने स्वतः बेतून घेतलेले. ते रशीदने घालायचे आणि मैनाने क्रिकेटचे पॅड बांधून उभं राहायचं, असा सरांचा हुकूम होता. वर ते म्हणाले होते, मुलींच्यात बॉल तो काय एवढा जोरात येतो. हे ऐकल्यापासून मैनाचा आवाज जो चढला होता तो उतरायचं नाव घेत नव्हता. तिच्या उजव्या नडगीवर बॉल बसल्याचं हिरवं-काळं टेंगूळ अजूनही होतं. ते साडीखाली झाकून ती हातखंब्याच्या घरी चूल फुंकायची, कारण आईने पाहिलं असतं तर हॉकी त्याच दिवशी संपली असती.

ती गोलमध्ये उभी राहिली तीच मुळी दुसऱ्या कुणाला राहायचं नव्हतं म्हणून. मुलींची टीम जमवताना कुणीतरी म्हणालं, मैनाला करा, शेणी थापणारे हात आहेत, घाबरायची नाही. सगळ्या हसल्या. मैनाही हसली, आणि मग उभी राहिली ती राहिलीच. जांभ्या दगडाचं ते मैदान, एकेक खडा वर आलेला. बॉल सरळ येतोय म्हणावं तर ऐन वेळी बेडकासारखा उडायचा. पण तो कुठे उडणार ते तिला आधीच कळायचं. कसं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पॅड मात्र मिळाले ते मुलांनी टाकलेले. आधीचा कीपर माडासारखा उंच. त्याच्या गुडघ्यावर बसणारी जाड घडी मैनाच्या मांडीवर यायची. वाकलं की वरची कड पोटात रुतायची. पट्टे तिच्या पोटरीभोवती दोनदा फिरून बकलं आतल्या अंगाला यायची आणि पळताना या पायाचं बकल त्या पायात अडकायचं. लांज्याच्या सामन्यात तसंच झालं. ती तोंडावर आपटली आणि बॉल तिच्या बाजूने अगदी सावकाश, ओळखीचा पाहुणा घरात शिरावा तसा, आत गेला. परतताना एस्टीत सगळ्यांच्या देखत सर म्हणाले की गोलकीपिंग हे मुलींचं काम नव्हे, नसती हौस आहे. पॅडबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

नवे पॅड नव्हते असंही नाही. दसऱ्याच्या आधीच जालंधरहून आले होते. पांढरेशुभ्र, दोन जोड्या, एक उंचांच्या मापाची, एक बुटक्यांच्या. खंडेनवमीला बॅटी, भाले, गोळे यांच्याबरोबर त्यांचीही पूजा झाली, हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या, आणि मग ते माळांसकट प्रिन्सिपॉलच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेले. संस्थेचे अध्यक्ष मुंबईला होते. ते येतील, फीत कापतील, मग पॅड वापरात येतील. दिवाळी गेली, माळा वाळून काथ्यासारख्या झाल्या, अध्यक्ष आले नाहीत. मैना विचारायला गेली तेव्हा सर म्हणाले, उद्घाटन झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. पूजेतल्या देवालासुद्धा दुसऱ्या दिवशी जागचं हलवतात, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

मग तिने जुने पॅड खांद्यावर टाकले आणि एस्टीने घरी नेले. कंडक्टर म्हणाला, या दोन लेकरांची अर्धी तिकिटं काढ गो. ती हसली नाही.

गोदा, तिची आई, आधी चिडली आणि मग दाभण घेऊन बसली. मैनाने पॅड बांधून उकिडवं बसायचं, उठायचं, डावीकडे लोळायचं, आणि गोदाने कोळशाने खूण करायची. खालची शिवण उसवली. आतले वेत कोयतीने आखूड केले. गुडघ्याची घडी गुडघ्यावर आली. पट्टे कापून बकलं बाहेरच्या अंगाला घेतली. आतल्या कापसाचे मात्र गोळे झाले होते, त्याला उंदरांचा वास येत होता. तो फेकून दोघींनी भाट्याला खाडीकाठी राहणाऱ्या मावशीकडचा काथ्या भरला. फुकटचा, मजबूत, आणि कोकणात राहून त्याच्याइतकं हाताशी दुसरं काय असणार. इथेच दोघी चुकल्या. काथ्या खाडीत कुजवलेला, अंगात मीठ मुरलेला. सकाळच्या दवात मैदानावर उतरल्यावर त्याने जी ओल धरली ती धरलीच. पॅड भिजल्या गोणत्यासारखे जड झाले.

"खाडीचा काथ्या तो," गोदा कपाळावर हात मारून म्हणाली. "गोड्या पाण्यात चार वेळा धुवायला हवा होता. मला कसा सुचला नाय?"

धुतला, वाळवला, आणि त्याची पातळ गादी पुढच्या बाजूला घातली. मागे, पायाशी, मऊ आणि हलकं काहीतरी हवं होतं. घरात तसं एकच होतं. बांधावरच्या सावरीच्या बोंडांमधला कापूस गोदाने वर्षानुवर्षं वेचून दोन उशा भरल्या होत्या, मुंबईहून नवरा भागोजी रजेवर येईल तेव्हासाठी. आता भागोजी कायमचाच घरी होता. संपानंतर गिरणीने त्याला परत घेतलं नव्हतं, आणि त्या उशीवर डोकं ठेवून तो दुपारभर आढ्याकडे बघत पडून राहायचा. दोघी एकमेकींकडे बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं. तो उठला, उशी त्याने मैनाच्या पुढ्यात टाकली.

"घे गो. मी डोक्याखाली हात घेईन."

त्या पॅडनी मैनाला पायच नवे दिले. बॉल आदळून लांब उडत नसे, तिच्या पुढ्यात मेल्यासारखा पडे, आणि ती तो लाथेने बाहेर काढी. रत्नागिरीतल्या सामन्यांत तिने एकही गोल होऊ दिला नाही. सरांनी मात्र कापलेले पॅड पाहिले त्या दिवशी तिला ऑफिससमोर उभं करून झापलं होतं. संस्थेच्या मालमत्तेची नासधूस, हे शब्द सगळ्या व्हरांड्याने ऐकले. आणि काल त्याच सरांनी तेच पॅड रशीदच्या पायाला बांधून बघितले. रशीद मैनाएवढाच बुटका. त्याने गुडघा वाकवला आणि बिचारा बोलून गेला, "सर, फस्क्लास."

नासधूस झालेली वस्तू एका रात्रीत मालमत्ता झाली ती अशी.

"पॅड कॉलेजचे आहेत, मैना. तुझ्या घरचे नव्हेत," सर आता म्हणत होते.

"कॅनव्हास कॉलेजचा. वेत कॉलेजचे. आतला कापूस माझ्या बाबांच्या उशीतला आहे. तो काढून घेते, मग उरलेलं खुशाल न्या."

"तोंड सांभाळून बोल."

"मग कपाट उघडा ना, सर. त्यात बुटक्यांच्या मापाचेही आहेत. रशीदला ते द्या."

"अध्यक्षांच्या हस्ते—"

"अध्यक्ष उभे राहणार आहेत का चिपळूणला गोलमध्ये?"

रशीदला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो सरळ झाला, आणि एकदम म्हणाला, "सर, मी नाय घालणार ते. मला माझे ते फाटके चालतील."

"तुला कुणी विचारलं? तू काल म्हणालास ना चांगले आहेत?"

"चांगलेच आहेत. म्हणून तर म्हणतो, तिचे आहेत."

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पॅड सोडून दिला, पण शब्द सोडले नाहीत. गोलमध्ये दुसरी मुलगी उभी करता येते, ते म्हणाले. क्रिकेटचे पॅड बांधून तक्रार न करणारी. टीम कुणा एकीसाठी थांबत नाही. चिपळूणच्या एस्टीत कोण बसणार हे मी ठरवतो, तू नाही.

सरांनी बॉलला हळू म्हटलं होतं, तो कुणाच्या नडगीवर हळू बसला ते त्यांना दाखवावं असं मैनाला क्षणभर वाटलं. पण आपला पाय या माणसाला कशाला दाखवायचा? ती बाकावर बसली. डावा पॅड चढवला, पट्टे एकेक करून ओढले. मग उजवा. त्याचं वरचं बकल हट्टी होतं, ते दातांनी धरून ओढावं लागे. रशीद पुढे होऊ की नको अशा बेताने थबकला आणि दारातून बाजूला सरला.

"मी काय विचारतोय?" सर टेबलावर हात आपटून म्हणाले. "पॅड ठेवून जातेस, की टीममधून जातेस?"

मैनाने उठून गुडघा वाकवून बघितला. घडी बरोब्बर गुडघ्यावर बसली होती. तिने कोपऱ्यातली आपली स्टिक घेतली.

"मैना, एक काय ते सांग."

ती पाय फाकवून, पॅडवर पॅड घासत, त्यांच्या टेबलाजवळून पुढे झाली आणि उन्हात, मुली वॉर्मिंग अप करत होत्या तिकडे चालू लागली.