राजाच्या दारावरचं पान

२३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ऊन, उत्तरेचा वारा. राजवाड्यात दारांना कागद लावायचा दिवस. माझी परीक्षा.

घराबाहेर पडण्याआधी अगाथा आजींनी वहीत एवढंच लिहिलं. त्यांचं खरं नाव प्यो बोकही, पण सेऊलच्या मठाच्या शाळेत नन्सनी दिलेलं अगाथा हे नावच मागे चिकटलं. रोज वही लिहायची सवयही तिथलीच. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, वहीचा खाडा मात्र एका दिवसाचाही नाही.

दर शरदात राजवाड्याची दारं बिजागऱ्यांवरून उतरवायची, जुना कागद भिजवून सोलायचा आणि लाकडी जाळीला आतून नवा लावायचा. आजी एकोणीस वर्षं या कामाला येत होत्या. यंदा नियम आला, की पंचाहत्तरी उलटलेल्यांनी बाराच्या आत एक दार बिनसुरकुतीचं करून दाखवावं. जमलं तर कागद लावणाऱ्यांच्या गटात, नाही तर पुढच्या वर्षीपासून बागेत हिंडायला या, इतर लोकांसारख्या. आजी सत्त्याहत्तरच्या होत्या.

"हिंडायला काय वाईट आहे, ताई?" मैत्रीण ग्वीनाम खळ ढवळत म्हणाली. "तळं बघायचं, बाकावर बसून उकडलेली रताळी खायची."

"तू खा. तुला बसायची सवय आहे."

आजींनी कुंचल्याने खळ पसरली, तुतीचा कागद वरून खाली सोडला आणि कोरड्या कुंचल्याने झटक्यात बसवला. कडीशेजारी हात लागून कागद फाटतो, म्हणून तिथे जोडकागदाचा तुकडा लावला. तोंडात पाणी घेऊन बारीक फवारा मारला, दार उन्हात खांबाला टेकवलं. साडेअकरालाही पाच कमी होते.

कामाची देखरेख करणारी तरुण तक हेवॉन आली. दाराच्या दुसऱ्या बाजूने तिने पाहिलं आणि थबकली.

"आजी, हे काय?"

कागदातून उन्हात लालभडक मेपलचं पान दिसत होतं, अगदी कडीशेजारी.

आजींनी त्या बाजूला येऊन वाकून पाहिलं. घरच्या दाराला जोडकागदाखाली पान नाही तर फूल ठेवायचं, हे हातांना पन्नास वर्षं ठाऊक. अंगणात पान पडलेलं दिसलं असेल आणि हातांनी आपलं आपण उचललं असेल.

"पान आहे," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंय. राजाच्या दाराला पान नसतं, आजी."

"राजा कुठे तक्रार करतोय?" ग्वीनाम पुटपुटली.

"तू गप्प बस गं," आजी तिला म्हणाल्या.

तुकडा तेवढा सोलावा, तर पानाचा रंग ओल्या कागदात उतरलेला. आजींनी घड्याळ पाहिलं, बाह्या वर केल्या आणि अख्खा कागद वरपासून ओढून काढला. तळ्याकडे निघालेली माणसं थांबून बघू लागली. एका बाईने विचारलं, "चांगला कागद का फाडला?"

"चांगला नव्हता," आजी म्हणाल्या. "सुंदर होता."

ओल्या फडक्याने त्यांनी जाळीचा एकेक चौकोन पुसला. ग्वीनाम मदतीला सरसावली, तर तिचा हात त्यांनी कोपरानेच ढकलला. परीक्षा त्यांची होती. गुडघा कुरकुरत होता, हात मात्र झपाझप चालत होते. जोडकागद लावण्याआधी त्यांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून हेवॉनला दाखवले. काही नव्हतं. शेवटचा फवारा उडाला तेव्हा बाराला सहा मिनिटं होती.

कागद वाळेपर्यंत कुणी जेवायला उठलं नाही. वाळता वाळता तो ताणत गेला. हेवॉनने बोटाने टिचकी मारली. डफासारखा आवाज आला.

"एका सकाळी दोन दारं," ती म्हणाली. "इथे तिशीतल्या लोकांचं एक होत नाही. पुढच्या वर्षी नव्या लोकांना तुम्हीच शिकवायचं. पण येताना अंगणाकडे बघायचं नाही."

"मग मला अंगणाकडे पाठ करून बसव," आजी म्हणाल्या.

"आणि मी?" ग्वीनामने विचारलं.

"तू खळ ढवळ. गुठळ्या झाल्यात."

संध्याकाळी वहीत त्यांनी लिहिलं: गटात राहिले. चूक माझीच होती. मुळ्याचं सूप केलं, मीठ जरा जास्त पडलं.