दिवेलागणीच्या आत

डिसेंबरच्या सुट्टीत लॅपलँडला जायचं आणि तिथे बर्फातून चार-पाच दिवस गाडीने फिरायचं, असं आम्ही ठरवत होतो. ॲथलोन या आयरिश गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर नकाशा उघडा होता. नागपूरहून आलेले बाबा शेजारी चहा घेत बसले होते. त्यांचा एक नियम आहे: दिवस बुडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. या नियमापायी लहानपणी प्रत्येक सहल अर्धवट टाकून निघावं लागायचं, त्यामुळे तो ऐकला की माझं डोकं अजूनही फिरतं.

त्यांनी तो ऐकवलाच. मी म्हटलं, "बाबा, तिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. तुमचा नियम पाळायचा तर विमानतळावरच बसून राहावं लागेल."

माझी मुलगी हसली. "इट्स ग्रँड, आजोबा. द कार हॅज लाइट्स."

बाबा हसले नाहीत. नकाशाकडे बघत त्यांनी विचारलं, "मग तिथचे लोकं घरी केव्हा येतात?"

मला लहानपणचं आमचं घर आठवलं. बाबा औषधांच्या ऑर्डरी घेत स्कूटरवरून गावोगाव फिरायचे. पावसात भिजून यायचे, कधी काम अर्धवट सोडून यायचे, पण आई देवापाशी दिवा लावायची तेव्हा स्कूटर फाटकात असायची. त्यांची वाट बघत दारात उभं राहायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही.

मी तारखा बदलून मार्चमधल्या घेतल्या. तिथे तेव्हाही भरपूर बर्फ असतो, आणि संध्याकाळही असते.