चौथ्या मजल्यापर्यंतची पावलं

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या माणसाला कंपनीत सगळे ‘कान’ म्हणतात. मशीनला हातही न लावता, नुसता दारात उभा राहून तो सांगतो, “तिसऱ्या मजल्याजवळ रोलर झिजलाय.” उघडून पाहिलं की झिजलेला असतोच. स्वतः राहतो मात्र चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. “कानसाहेब, आधी स्वतःच्या घराला एक बसवा की!” ही थट्टा बावीस वर्षं चालू आहे.

गेल्या वर्षभरात त्याची पार रया गेली. मशीन सुरळीत चालू असलं तरी छाती धडधडते. सुट्टी घेत नाही. घेतली तर फोन हातातून सुटत नाही. दोनदा तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “लहानपणी घरी कसं होतं?”

“चांगलं होतं. वडील जरा कडक होते, एवढंच.”

एवढंच म्हणजे असं. जिन्यावर वडिलांची टाच घासत आली, तर नुसत्या शिव्या. पाऊल जड आणि संथ पडलं, तर पट्टा. मग सात वर्षांच्या या पोराने धाकट्या बहिणीला कपाटात लपवायचं, रेडिओ बंद करायचा आणि स्वतः पुढे उभं राहायचं. कान तिथे तयार झाला.

लग्नाआधी त्याने बायकोला एकच शब्द दिला होता: “माझ्या घरात पोरं दाराकडे कान लावून बसणार नाहीत.” तो आपण पाळला, असं त्याला वाटत होतं. मुलांवर त्याने कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. हल्ली घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडतो, आणि चमचा पडला तरी ताडकन उठून बसतो.

परवा संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या वळणावर तो दम खायला थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून नऊ वर्षांच्या मुलीचा आवाज आला.

“टीव्ही बंद कर. बाबा आले.”

“कशावरून?” धाकट्याने विचारलं.

“वळणावर थांबलेत ना. थांबले की त्या दिवशी बोलत नाहीत. तू आत जा, मी पाणी देते.”

तो मजलाभर खाली उतरला. श्वास घेतला, आणि पुन्हा वर चढला. भरभर, हलक्या पावलांनी, कुठेही न थांबता.

आतून पुन्हा तीच, दबक्या आवाजात:

“येऊ नकोस अजून. खाली जाऊन परत आलेत. मुद्दाम भरभर चढलेत.”