क्वार्टरमागचं जांभूळ

बाजारातून आणलेली जांभळं मिठाच्या पाण्यात टाकली की मला चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीतलं आमचं क्वार्टर आठवतं. मागच्या अंगणात जुनं जांभळाचं झाड होतं. चैत्रात त्याच्या बारीक फुलांवर मधमाश्या घोंगावत, ज्येष्ठात सारं अंगण जांभळं होई, पावसाळ्यात त्याच्याखाली कपडे वाळत नसत आणि हिवाळ्यात आई त्याच्याच वाळक्या काटक्यांवर अंघोळीचं पाणी तापवी. बाबा खाणीतून रिटायर झाले. आम्ही सामान बांधत होतो, तेव्हाच नवीन कुटुंब क्वार्टर पाहायला आलं. किल्ली देण्याआधी आई त्या घरच्या तरुण बाईला झाडाखाली घेऊन गेली. "आमाले नाही पाहिजे हे झाड," ती बाई म्हणाली, "लेकरायचे कपडे खराब होतेत. तोडून टाकू." आईचा चेहरा उतरला, पण ती भांडली नाही. "तोडाचं असन तं तोड बाई, पण एक जेठ पाहून घे," एवढंच म्हणाली. बपेऱ्याला गावी आल्यावर तिने झाडाचं नावही काढलं नाही. पुढच्या ज्येष्ठात बाबांचा जुना सोबती स्टीलचा डबा घेऊन आला. त्या बाईने जांभळं पाठवली होती. आईने उभ्याउभ्याच चार खाल्ली आणि रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून त्यात चिवडा भरून दिला. आता आई ऐंशीच्या घरात आहे आणि त्या बाईच्या नवऱ्याचीही रिटायरमेंट आली आहे. काल तिचा आईला फोन आला होता. विचारत होती, "काकू, नवीन लोकायले कसं सांगू?"