काकांच्या मापाची सॅक: झाशीहून एरचला

झाशीतल्या मराठी घरांमध्ये गळ टाकून बसणारा माणूस माझ्या माहितीत एकच, तो म्हणजे माझे काका. घर पक्कं शाकाहारी. त्यामुळे मासा लागला की त्याला हातात धरायचं, त्याची चार शब्दांत विचारपूस करायची आणि परत पाण्यात सोडायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. मागच्या वर्षी ते जिन्यावरून पडले आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण एका खांद्यावर वजन लटकवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काकांचं सगळं सामान मात्र एका खांद्यावरच्या कॅनव्हासच्या झोळ्यात. "मी उचलते की," म्हटलं तर म्हणाले, "माझं ओझं दुसऱ्याने उचललं की मी नुसता बघ्या झालो. बघ्या म्हणून नदीवर जायचं असेल, तर मला जायचंच नाही." आणि शेजारच्या तिवारीजींना त्यांनी सांगूनही टाकलं की सोमवारी येऊन रॉड घेऊन जा.

हे मला शुक्रवारी कळलं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली, कारण नदीवर न जाणारे काका कसे असतील याची मला कल्पनाच करता येत नव्हती. मी त्यांच्याकडून एक रविवार मागून घेतला. दोन्ही खांद्यांवर वजन वाटून घेणारी सॅक आणायची, बेतवा नदीकाठच्या एरचला जायचं, रस्त्यापासून पाण्यापर्यंत सामान त्यांचं त्यांनी न्यायचं. जमलं तर रॉड घरात राहतील, नाहीतर तिवारीजी आहेतच. काका म्हणाले, "ठीक आहे, एक बार देखते हैं." आमच्या घरात मोठे निर्णय हिंदीत होतात.

शनिवारी सीपरी बाजारात गेलो. माझा पहिला सल्ला: सॅक घ्यायला जाताना आपलं खरं सामान सोबत न्या. रॉड, रिळं, गळांचा डबा, शिशाचे गोळे, पक्कड, ओला पंचा, सगळं. दुकानदाराने आमच्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

"मछली पकड़ने का बैग तो अलग से नहीं आता दीदी. ट्रैकिंग वाला ले जाइए, उसमें दुनिया समा जाती है."

त्याने दाखवलेली पहिली सॅक वरून उघडणारी होती. दिसायला झकास. पण गळांचा डबा तळाशी गेला की तो काढायला सगळं सामान वाळूत मांडावं लागणार. आम्हाला हवी होती सूटकेससारखी पुढून पूर्ण उघडणारी. ती मिळाली तर आतलं अस्तर काळं. काकांनी एक गळ त्यात टाकला आणि मला म्हणाले, "शोध." मी शोधला तो बोटानेच, आणि बोट चोखत बसले. अस्तर फिक्या रंगाचंच असावं, हे मी आता कोणालाही पटवून देऊ शकते.

मग चेनची पाळी. काका प्रत्येक चेनवरून अंगठा फिरवत होते. बारीक दातांची चेन कितीही भारी असली तरी बेतवाची वाळू तिला दोन फेऱ्यांत अडकवते, जाड प्लॅस्टिकच्या दातांची टिकते. रॉडसाठी बाजूला खोल खिसा आणि वर एक बांधायची पट्टी हवी. खिसा उथळ असेल तर रॉड डोक्याच्या वर जातो आणि वाटेतल्या प्रत्येक बाभळीशी भांडतो. बूड जाड आणि पाणी न शिरणारं हवं, म्हणजे ओल्या दगडावर सॅक उभी राहते. मला एक केशरी सॅक फार आवडली होती. काका म्हणाले, "नदीवर लग्नाला चाललोय का आपण?" मातकट हिरवी घेतली.

सगळ्यात महत्त्वाचा निघाला कमरेचा पट्टा. दुकानदार म्हणाला, "ये तो लोग घर जाकर काट देते हैं." मी तो काकांना बांधून घट्ट करायला लावला, आणि मग खांद्याच्या पट्ट्या थोड्या सैल केल्या. वजन कमरेवर बसलं. काका दुकानातल्या दुकानात आरशापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही अशी त्यांची खटपट चालली होती. अशा सॅक हजारापासून अडीच हजारापर्यंत मिळतात. आमची मधली होती.

रविवारी उजाडताच निघालो. कानपूर रस्ता छान आहे, गाडी सुसाट जाते, पण चैत्रात गव्हाच्या ट्रॉल्या कधी आडव्या येतील सांगता येत नाही. चिरगाव मागे टाकून मोठ गावात थांबलो. मंडीच्या बाहेर ट्रॉल्यांची रांग, हवेत भुसा, आणि टपरीवर गरम कचोरी. दोघांचा पोटभर नाश्ता शंभराच्या आत होतो. काकांनी सॅक गाडीत ठेवली नाही, पाठीवर घेऊनच चहा प्यायले. ट्रॉलीवर बसलेल्या एका शेतकऱ्याला राहवलं नाही.

"काए दद्दा, पहाड़ चढ़बे जा रए का?"

"नईं भैया," काका म्हणाले, "मछरिया देखबे."

"बस देखबे?"

"हओ, देख कें छोड़ देत."

तो माणूस बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. त्याला आमच्या डोक्याविषयी शंका आली असावी, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

मोठच्या पुढे उजवीकडे वळलं की रस्ता अरुंद होतो. एरच फार जुनं गाव. प्रल्हादाला इथल्याच टेकडीवरून बेतवात ढकललं, असं तिथे सगळे सांगतात, आणि टेकडीकडे हातही दाखवतात. घाटावर एक नाववाला होडीला डांबर फासत बसला होता. गळ टाकायच्या आधी मासेमारीचा ठेका कोणाचा, बंदीचे दिवस कोणते, हे कोणालातरी विचारून घ्यावंच. तो म्हणाला, "बंसी डारबे में कोऊ नईं रोकत. जाल नईं डारियो." बंसी म्हणजे गळ; तो चालतो, जाळं नाही.

आता खरी परीक्षा. रस्त्यापासून पाण्यापर्यंत आधी दगड, मग वाळू. दगडांवरून काका ऐटीत गेले. वाळूत पाय रुतायला लागला तसे ते उजवीकडे झुकले. थोडं चालून थांबले आणि नदी बघत असल्यासारखं उभे राहिले. ते नदी बघत नव्हते. मी हात पुढे केला, त्यांनी मान हलवली. सॅक नीट, पट्टा नीट, मग शनिवारी दुकानात पेललेलं वजन आज का पेलत नाही?

"काका, बसा. उघडून बघू."

पुढून उघडणाऱ्या सॅकचा फायदा तिथेच कळला. चेन ओढली आणि आत काकूचं सगळं स्वयंपाकघर निघालं. आमच्या घरात आमिष आणि शिदोरी एका पिशवीत कधीच जात नाहीत. आमिष झोळ्यात, जेवण वेगळ्या पिशवीत. पण नव्या सॅकला दोन कप्पे बघून काकूला वाटलं, सोय झाली. मागे आमिष, पुढे शिदोरी. स्टीलचे डबे, लोणच्याची बरणी, पाण्याचा तांब्या झाकणासकट, आणि दोन ताटल्यासुद्धा. काका ताटल्यांकडे बघून हसायला लागले. मी खाण्याचं सगळं काढून माझ्या कापडी पिशवीत भरलं, काकांनी सॅक पुन्हा चढवली, पट्टा आवळला आणि पाण्यापर्यंत सरळ चालत गेले. मी मागे मुद्दाम दोन पावलं राहिले, कारण मला रडू येत होतं.

पुढचा घोटाळा आमचा दोघांचा. काका आमिष म्हणून सातूचं पीठ गुळात मळतात, त्यात हिंग आणि मोहरीची पेंड. आणि चैत्रात आमची शिदोरीसुद्धा सातूचीच, तूप, गूळ आणि वेलदोडा घातलेली. काकूने दोन्ही भरले एकसारख्या डब्यांत, कारण प्लॅस्टिक तिला चालत नाही. वाळूतल्या त्या उलथापालथीत डबे बदलले. दुपारी मी एक घास घेतला आणि काकूचा मान राखायचा म्हणून दुसराही घेतला.

"हिंग जरा जास्त झालाय का?" शेवटी मी विचारलं.

काका चावत होते. चावता चावता थांबले, गळाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "तरीच," म्हणाले, "सकाळपासून मासे एवढे खूश आहेत."

आणि तेवढ्यात रॉड वाकला. चांगला रोहू होता. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. काकांनी रॉडचा दांडा पोटाशी टेकवला, उजवा कोपर अंगाशी ठेवला आणि रीळ डाव्या हाताने फिरवलं. घाई अजिबात केली नाही. मासा काठाशी आला, त्यांनी पकडीने गळ सोडवला, त्याच्याशी काहीतरी पुटपुटले आणि त्याला आमच्या जेवणासकट पाण्यात परत पाठवलं. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला की हे पटकन होतं.

परतताना चढ होता. वाळू संपून दगड सुरू झाले तिथे काका थांबले. त्यांनी स्वतःच छातीवरचा हूक सोडला, कमरेचा सोडला आणि सॅक माझ्यापुढे धरली. "घे."

मी घेतली. रस्त्यापर्यंतच्या त्या चढावर मला सॅकच्या वजनापेक्षा तिवारीजींच्या सोमवारचं वजन जास्त वाटत होतं. वर सपाटीला आल्यावर काका म्हणाले, "दे इकडे," आणि गाडीपर्यंत परत स्वतः नेली. गाडीत बसल्यावर मी धीर करून विचारलं, "मग, बघ्या झालात का?"

"अर्धा," म्हणाले, आणि मोठ येईपर्यंत झोपले.

घरी आल्यावर सॅक झटकली तर वाळू चेनमध्ये नव्हती, खिशाच्या शिवणीत होती. ओल्या पंचासाठी पुढच्या वेळी जाळीची वेगळी पिशवी लागेल. काकूने आमिषाच्या डब्याला लाल दोरा बांधलाय आणि तिच्या सातूची आम्ही चेष्टा करतो याचा तिला राग आलाय. पण मी विचार करत होते तो त्या "अर्धा"चा. सॅक निवडताना मी वजन डाव्या-उजव्या खांद्यांत कसं वाटायचं एवढंच बघितलं होतं. ते चढ-उतारात, दोन माणसांतही वाटता येतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकांच्या डोक्यातही ते त्या दगडांपाशीच आलं असावं.

सोमवारी संध्याकाळी तिवारीजी आले. रॉड गुंडाळायला चादरही घेऊन आले होते. काकांनी त्यांना बसवलं, चहा दिला.

"रॉड नहीं मिलेगी, तिवारीजी. इतवार को साथ चलिए. उतार मेरा, चढ़ाई आपकी."

तिवारीजींनी चादर शांतपणे घडी करून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "कितना भारी है?" मग उठून सॅक पाठीवर घ्यायला गेले. ते काकांपेक्षा चांगलेच उंच आणि रुंद, पट्टा त्यांच्या कमरेला पुरेना. "रुकिए," काका म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पट्टे सैल करण्याआधी प्रत्येक पट्ट्यावर, हुकाच्या अगदी कडेला, स्वतःच्या मापाची खूण करून ठेवली.