चढावरची पाच मिनिटं

पोंभुर्ण्याहून सकाळच्या बसने मी कॉलेजात शिकवायला जातो. वाटेतल्या एका खेड्यातून पुढच्या खेड्यात कामाला जाणारी, बाहेरून एमए करणारी एक मुलगी रोज पुढच्या खिडकीशी असते. हव्या त्या लेखांची यादी ती घरूनच वहीत लिहून आणते. तिच्या वाटेत जंगलातल्या चढावरच पाच मिनिटं रेंज मिळते, तेवढ्यात एकेक लेख फोनवर उतरवून यादीत खूण करते.

“तुझ्या गावात रेंज नाही, त्रास होत असेल,” मी एकदा म्हणालो.

“होते नं, भाऊ. पण घरी दुसरं काई उघडतच नाई, म्हणून उतरवलेलं सारं वाचून होते.”

माझ्या फोनमधले न वाचलेले लेख मला आठवले.

काल चढावर तिचा निकाल उघडायलाच तीन मिनिटं गेली.

“फर्स्ट क्लास भेटला,” ती हसून म्हणाली आणि उरलेल्या दोन मिनिटांसाठी तिने वहीतलं नव्या यादीचं पान उघडलं.